विनम्र जिज्ञासू कोण?

वाचकहो, पुढील मजकुरात मी दोन अपराधांचे कथन करणार आहे. त्यांपैकी एक मी केला होता, परंतु त्याचा संशय माझ्यावर कोणीही घेतला नाही. दुसरा कोणीच केला नव्हता, परंतु त्याचा संशय एका सज्जन स्त्रीवर घेतला गेला. या घटनेस यंदाच्या अक्षय्य तृतीयेस नऊ वर्षे पूर्ण झाली. गावाचे नाव मी हेतुतः लिहीत नाही. कृष्णाकाठचे एक तालुक्याचे ठिकाण, एवढे पुरे आहे.

सोमवारची सकाळ होती. सार्वजनिक वाचनालयाचे दार उघडून मी वर्तमानपत्रे काठ्यांना अडकवीत होतो. मी तेथे शिपाई होतो. झाडलोट, पाणी, चहा आणि फाटक्या पुस्तकांची बांधणी ही माझी कामे. इतक्यात कार्यवाह माळवदे आत आले. ते दहाच्या आत कधी येत नसत. त्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटे झाली होती.

"बाई आल्या?"

"नऊला येतात, साहेब."

"काल कुठं होत्या?"

"काल रविवार. घरीच असतील."

"असतील," माळवदे म्हणाले. "म्हणजे तुला ठाऊक नाही."

ते दाराकडे तोंड करून वाचकांच्या बाकावर बसले आणि त्यांनी एक वर्तमानपत्र समोर धरले. पाऊण तासात त्यांनी एकही पान उलटले नाही. नऊ वाजता आवटेबाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, पंख्याचे बटण दाबून आपल्या जागेवर बसल्या. माळवद्यांनी त्यांना नमस्कार केला नाही. त्यांनी मला खुणेने बांधणीच्या खोलीत बोलावले व दार लोटून घेतले.

"कालचा अध्यक्षसाहेबांचा लेख वाचलास? नाही, तू कशाला वाचशील. त्याखाली पुन्हा त्या जिज्ञासूनं लिहिलंय. या खेपेला हद्द झाली. माणूस आपल्यातला आहे, महिपती. या चार भिंतींतला."

माझ्या हातात खळीची वाटी होती. ती मी खाली ठेवली.

"कोण असेल, साहेब?"

"अशी भाषा गावात किती जणांना येते? बोटावर मोजण्याइतक्या. बाईंची नेमणूक वर्षावर्षाची आहे, माहीत आहे ना? महिनाअखेरीस संपते. वाढवायची की नाही, ते शनिवारी ठरेल. तोवर तू डोळे उघडे ठेव. बाई फोनवर काय करतात, कुणाशी बोलतात, सगळं मला सांगायचं."

अशा रीतीने विनम्र जिज्ञासू याचा शोध घेण्याचे काम प्रत्यक्ष विनम्र जिज्ञासूवरच सोपविण्यात आले.

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. आमचे अध्यक्ष अॅडव्होकेट चिंतामणराव देशिंगकर जिल्ह्याच्या एका दैनिकात दर रविवारी लेख लिहीत. ते दैनिक फोनवरही वाचावयास मिळे व लेखाखाली वाचकांनी आपली प्रतिक्रिया लिहावी अशी तेथे सोय होती. माझे शिक्षण आठवी नापास. परंतु बावीस वर्षे पुस्तकांना खळ लावता लावता मी त्यांतील पुष्कळशी वाचून काढली होती. ओल्या पुठ्ठ्यावर वजन ठेवले की ते सुकेपर्यंत दुसरे करण्यासारखे काही नसते. शिपायास सभासदत्व नव्हते. माझे सर्व वाचन त्या खोलीतच झाले.

अशा माणसाच्या अंगी भाषा साचते आणि तिला वाट मिळत नाही. दुपारी एक ते चार वाचनालय बंद असे. त्या वेळात मी साहेबांचा लेख वाचीत असे आणि त्याखाली अत्यंत आदराने, अत्यंत शुद्ध शब्दांत, त्यांची फजिती करीत असे. साहेबांनी साधेपणावर लेख लिहिला तेव्हा मी लिहिले होते, "लेखक महोदयांचा साधेपणा इतका मोठा आहे की तो ठेवण्यासाठी त्यांना दुसरा मजला चढवावा लागला." शंभरावर लोकांनी त्यावर पसंतीचा अंगठा उमटविला. इकडे साहेब मला म्हणत, "महिपती, पाणी." मी पाणी देत असे. पेला परत घेताना माझ्या मनास जे समाधान वाटे, त्याचे वर्णन मी करू शकत नाही. ते चांगले नव्हते, एवढे मात्र आज कळते.

त्या रविवारी साहेबांचा विषय होता ओस पडत चाललेली वाचनालये. हे आपणा सर्वांचे पाप आहे व प्रत्येकाने त्याचे प्रायश्चित्त घेतले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक साहेब स्वतः सभांपुरते येत, परंतु वर्षात चार वेळादेखील वाचन दालनात वाचावयास बसत नसत. सबब मी पुढीलप्रमाणे प्रतिक्रिया लिहिली:

"एका प्राचीन ग्रंथात धर्मशील राजाचे आख्यान आहे. त्याने प्रथम प्रायश्चित्त घेतले, शंभर आम्रवृक्ष लाविले आणि मग निश्चिंत मनाने वाडवडिलांची आमराई तोडून महाल बांधिला. लेखक महोदयांचेही प्रायश्चित्त यथासांग उरकले आहे. आता पापासाठी कोणती तिथी नेमिली आहे, एवढे कळविण्याची कृपा व्हावी. आपला विनम्र जिज्ञासू."

यात हद्द होण्यासारखे काय होते, हे मला उमगत नव्हते. साधेपणाचा टोला याहून जिव्हारी होता.

मंगळवारी माळवद्यांनी नवी युक्ती काढली. सूचना वही टेबलावर ठेवून प्रत्येक सभासदाकडून त्यांनी "वाचनालयाच्या उन्नतीसाठी" चार ओळी लिहून घेण्यास प्रारंभ केला. हेतू हा की भाषेवरून जिज्ञासू ओळखावा. निवृत्त तलाठ्यांनी लिहिले, पंखा आवाज करतो. एका प्राध्यापकांनी दीड पान लिहिले. ते माळवद्यांनी दोनदा वाचले व घडी घालून खिशात ठेवले. जो तो दुसऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहू लागला. वर्तमानपत्र वाचताना कोणी हसला तर माळवदे त्याचे नाव टिपून घेत.

मी वहीपाशी गेलो. "मीही लिहू का, साहेब? चार ओळी?"

"तू?" माळवदे मनापासून हसले. शनिवारपूर्वी ते हसल्याचे मी एवढेच पाहिले. "तू पाणी भर, बाबा."

वाचकहो, मी सुटलो होतो. मला आनंद व्हावयास हवा होता. त्याऐवजी मडके भरताना माझे कान तापले होते.

बुधवारी दुपारी दार बंद करण्याच्या वेळी आवटेबाई घरी न जाता बांधणीच्या खोलीत आल्या. त्या चाळिशीच्या होत्या. पती निवर्तले होते, घरी अंथरुणास खिळलेले सासरे होते. माझ्याशी त्या नेहमी आदराने बोलत. माझ्या फोनमध्ये मराठी अक्षरे त्यांनीच घालून दिली होती, पुस्तकांची नावे टिपून घेण्यास सोपे जावे म्हणून.

"महिपती, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की, बाई."

"माझ्या टेबलाचा खण तुम्ही उघडला होता का? गेल्या गुरुवारनंतर?"

"नाही, बाई. काय होतं खणात?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना माझे गुपित कळले आहे आणि त्या ते आडून विचारीत आहेत, असा मला संशय आला. मला त्यांचे गुपित कळले आहे, असा त्यांना संशय होता. त्या खोलीत दोन माणसे होती आणि दोघेही एकमेकांच्या तोंडावरून काही वाचू पाहत होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. मलाच लाज वाटतेय विचारल्याची."

त्या सायंकाळी मी घरी जेवलो नाही. माझी पत्नी सरूबाई हिला अक्षरओळख नाही, परंतु माझ्या दुपारच्या उद्योगाची माहिती तिला होती. टोले मी तिला वाचून दाखवीत असे.

"काय झालं? कुणी धरलं का तुमास्नी?"

"मला कोण धरणार? बाईंवर आलंय."

"मग सांगून टाका की, म्या लिवलंय म्हणून."

"नोकरी जाईल."

"आन् बाईची गेली तर?" तिने ताट झाकून ठेवले. "मला येक कळत न्हाई. येवढं झ्याक लिवता, तर खाली सवताचं नाव का घालत न्हाई? नाव न्हाई घातलं तर ते तुमचं कशावरनं?"

अशिक्षित स्त्रीस लेखनव्यवहार काय कळणार, असे मी मनाशी म्हटले.

गुरुवारी बाईंना लेखी पत्र मिळाले. शनिवारी सायंकाळी पाच वाजता अध्यक्षांच्या दालनात हजर राहावे, आणि माळवद्यांनी तोंडी सांगितले की येताना राजीनामा लिहून आणावा, म्हणजे चौकशीचा बभ्रा होणार नाही. बाईंनी ते पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवले. त्यांचा आवाज शांत होता, परंतु ठसे मारण्याचा शिक्का त्यांनी उलटा धरला होता.

"एवढं काय लिहिलं त्या जिज्ञासूनं?" मी विचारले. माझा स्वर मलाच परका वाटला.

"जे फक्त तिघांना माहीत होतं ते. साहेब, माळवदे आणि मी. मी इतिवृत्त लिहून खणात ठेवलं म्हणून मला. काय ते मला सांगता येणार नाही, शब्द दिलाय. पण त्या माणसाला तिथीसुद्धा ठाऊक आहे, महिपती. आणि ती गोष्ट. तो ग्रंथ साहेबांच्या आजोबांनी दिलेला. एकच प्रत. दुरुस्तीच्या वहीत माझ्या नावावर आहे."

ही आमच्याकडची रीत होती. पुस्तक बांधणीस काढले की वहीत ग्रंथपालांचे नाव लागे. काम मी करीत असे, परंतु शिपायाच्या नावे पुस्तक मांडीत नसत.

"आणि गोष्ट मुद्दाम उलटी केलीय त्यानं," बाई म्हणाल्या. "त्यावरूनच साहेब भडकलेत."

"उलटी?"

"हो ना. राजा आधी आमराई तोडतो. मग त्याला पश्चात्ताप होतो आणि तो शंभर झाडं लावतो. साहेबांना आजोबांनी ती मांडीवर बसवून सांगितलेली. जिज्ञासूनं पाप मागं आणि प्रायश्चित्त पुढं केलं. साहेबांवर नेम धरायला."

मी म्हणालो, "असं होय." आणि मडक्याकडे गेलो. पाणी प्यायलो. मग बांधणीच्या खोलीत जाऊन कडी लावली व कपाटातून तो ग्रंथ काढला.

त्या ग्रंथास मुखपृष्ठ नव्हते, पहिली पाने नव्हती. नाव कोणासच ठाऊक नव्हते. खालचा काठ वाळवीने खाल्ला होता. दोन महिन्यांपूर्वी मी तो उसवून पुन्हा शिवला होता. जुनी पुस्तके आठ-आठ पानांच्या जुड्यांची असतात. त्यांना आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. बांधणारा तो आकडा पाहून क्रम लावतो. येथे आकडे वाळवीने नेले होते, पानांचे क्रमांकही त्यांच्यासोबत गेले होते. अशा वेळी एका फर्म्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जुळवून पाहावयाची असते. ते मी केले नव्हते. त्या दिवशी मला एक फार खोचक वाक्य सुचत होते आणि माझे सर्व लक्ष त्यात होते.

मी ओळी जुळवून पाहिल्या. दोन फर्मे एकमेकांच्या जागी शिवले गेले होते. राजाचे प्रायश्चित्त मी माझ्या दाभणाने त्याच्या पापाच्या आधी नेऊन ठेवले होते.

मग मला आठवले की वाचतानाच मी दोन ठिकाणी अडखळलो होतो. वाक्य मध्येच वळल्यासारखे वाटले होते. परंतु छापील मजकुरात जेथे मला कळत नाही तेथे उणीव माझी आहे, असे मी नेहमी धरून चालत असे. ज्या माणसाने साहेबांचा एकही शब्द टोचल्यावाचून सोडला नाही, त्याने फाटक्या ग्रंथास मात्र एक प्रश्नही विचारला नाही.

शुक्रवार गेला. मी गप्प होतो. हे वाक्य मी लांबवू शकलो असतो, लांबवीत नाही.

शनिवारी पाच वाजता अध्यक्षांच्या दालनात साहेब, माळवदे आणि बर्डेगुरुजी बसले होते. बर्डेगुरुजी हे कार्यकारिणीचे सर्वांत वृद्ध सभासद, निवृत्त मुख्याध्यापक. मागील आठवड्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे ते येऊ शकले नव्हते. दालन म्हणजे वाचन दालनाचाच एक कोपरा, प्लायवूडच्या अर्ध्या भिंतीने वेगळा केलेला. पलीकडे सायंकाळचे दहा-बारा वाचक बसलेले होते.

बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"आवटेबाई, मला वाद नकोय," साहेब म्हणाले. "कागद द्या आणि विषय संपवा."

"साहेब, मी शपथ घेते, मी..."

"शपथ कोर्टात घेतात. हे कोर्ट नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो होतो. ट्रेवर चार कप होते आणि ट्रेखाली तो ग्रंथ होता. मी ट्रे ठेवला, ग्रंथ ठेवला आणि म्हणालो, "साहेब, ते मी लिहिलंय."

"काय?"

"जिज्ञासू मी आहे."

प्रथम माळवदे हसले. मग साहेबही हसले. पण प्रेमाने, जसे एखाद्याच्या भाबडेपणास हसतात. "महिपती, बाईंसाठी तुला वाईट वाटतंय, कळतं मला. चहा ठेव आणि जा."

मी फोन काढून दाखविला. आतील नाव, चार वर्षांच्या प्रतिक्रिया. साहेबांचे हसणे थांबले. माळवदे मात्र पुढे वाकले.

"फोन ह्याचा," ते म्हणाले, "पण बोटं कुणाची? ह्यात मराठी अक्षरं कुणी घालून दिली रे तुला?"

मी खोटे बोलावयास हवे होते. "बाईंनी," मी म्हणालो.

"झालं! ऐका साहेब. स्वतःच्या फोनवरून लिहायला बाई काय दूधखुळ्या आहेत? शिपायाचा फोन वापरला. आणि आता हा शिपाई अंगावर घेतोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या कबुलीने त्यांची मान अधिकच अडकली होती. बावीस वर्षांत मी जमविलेले सर्व शब्द त्या क्षणी मला सोडून गेले. फक्त माझे काम माझ्यापाशी राहिले होते. मी ग्रंथ उघडला व तो बर्डेगुरुजींपुढे सरकवला.

"गुरुजी, हे पान वाचा. खालची ओळ. मग पुढच्या पानावरची वरची."

गुरुजींनी नवा चष्मा पुसला. "आता ह्यात काय?" ते पुटपुटले आणि त्यांच्या खणखणीत मास्तरी आवाजात वाचू लागले: "'राजाच्या मनात महाल बांधावयाचे आले, तेव्हा त्याने...' बरं. 'सांगितले की, मजकडून घोर पातक घडले...'" ते थबकले. "अरे! अजून बांधलाय कुठं महाल? पातक कसलं?"

"आता हे." मी पुढचा सांधा दाखविला.

"'त्या दिवसापासून राजाने... आमराई समूळ तोडविली.' हे काय भलतंच? चिंतामणराव, गोष्ट उलटी आहे ही."

साहेबांनी ग्रंथ जवळ ओढला. त्यांनी स्वतः वाचले. दोनदा वाचले.

"आकडे वाळवीनं खाल्ले होते," मी म्हणालो. "फर्मे मी चुकीचे शिवले. बाईंनी हा ग्रंथ पूर्वीच वाचलाय, त्यांना खरी गोष्ट माहीत आहे. तुम्हाला आजोबांनी सांगितली. ज्याला ठाऊक नव्हती आणि ज्यानं माझ्या शिवणीनंतर ही प्रत वाचली, तोच असं लिहील. शिवणीनंतर ही कपाटातनं कुणी काढलेली नाही. मी मुद्दाम उलटं नाही केलं, साहेब. मला ते सुलटंच वाटलं."

चहावर साय धरू लागली होती.

"आठवी ना तू?" साहेबांनी शेवटी विचारले.

"नापास, साहेब."

"मला वाटायचं पुण्याचा कुणी प्राध्यापक असावा." त्यांचा आवाज खाली गेला होता. "चार वर्षं मी दर रविवारचा लेख त्या माणसाला समोर धरून लिहितोय. हे वाक्य त्याच्या तावडीत सापडेल, म्हणून खोडायचो. आणि तू इथं मला पाणी देत होतास."

मी चहाचा कप साहेबांपुढे सरकवला. माळवदे मात्र अजून हरले नव्हते.

"साहेब, गोष्टीचं सोडा. तिथीचं काय? पापाला कोणती तिथी नेमली, असं ह्यानं विचारलंय. करार अक्षय्य तृतीयेला करायचा, हे ह्याला कुणी सांगितलं? बाईंनीच ना?"

"कोणता करार, साहेब?" मी विचारले. मी खरोखरच विचारीत होतो.

माळवद्यांनी तोंड मिटले. परंतु बर्डेगुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मीही तेच विचारतोय, चिंतामणराव. कोणता करार?"

प्लायवूडच्या पलीकडे पाने उलटण्याचा आवाज थांबला होता. साहेब बाईंकडे पाहू लागले. बाईंनी दिलेला शब्द पाळला. मग साहेबांनाच सांगावे लागले. वाचन दालनाचा रस्त्याकडील अर्धा भाग एका मोबाइलच्या दुकानास द्यावयाचा, असा ठराव मागील आठवड्यातील गुरुवारी गुरुजींच्या अनुपस्थितीत साहेब व माळवदे या दोघांनीच केला होता. सभासदांना ते करार झाल्यावर कळावयाचे होते. त्यानंतर तीनच दिवसांनी ओस वाचनालयांवरचा तो लेख छापून आला होता.

"प्रायश्चित्त आधी," गुरुजी सावकाश म्हणाले, "आणि पाप मागून." त्यांनी ग्रंथ मिटला. "महिपती, तू चुकीचं शिवलंस खरं. पण लागू पडलं बघ."

पलीकडून कोणीतरी हसले. या खेपेस माळवद्यांनी नाव टिपून घेतले नाही.

बाईंनी हातातील कागद कोणालाही न देता आपल्या पिशवीत ठेवला. त्या नोकरीवर राहिल्या. मला महिनाअखेरीस कमी करण्यात आले, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. त्या अक्षय्य तृतीयेस करार झाला नाही. दोन वर्षांनी झाला. परंतु रीतसर सभा बोलावून, आणि अर्ध्याऐवजी पाव भागाचा. साहेबांनी लेख लिहिणे काही महिने थांबविले व पुन्हा सुरू केले. ते पूर्वीपेक्षा बरे लिहितात, असे मला वाटते. मी खाली काही लिहीत नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी आवटेबाई तो ग्रंथ घेऊन बांधणीच्या खोलीत आल्या. "हा नीट करून द्या," त्या म्हणाल्या. मी शिवण उसवली, दोन फर्मे जागच्या जागी ठेवले. त्या उभ्या राहून पाहत होत्या.

"बाई, मला क्षमा करा."

"तुम्ही सोमवारपासून गप्प होतात, महिपती. शनिवारी बोललात. पाच दिवस मी घरी जाऊन सासऱ्यांना भरवत होते आणि ह्यापुढं काय, हा विचार करत होते." त्यांनी दोऱ्याचे रीळ माझ्याकडे सरकविले. "खणाबद्दल तुमच्यावर संशय घेतला, त्याची मला फार लाज वाटली होती. आता वाटत नाही."

मी शिवीत राहिलो. काम संपल्यावर त्यांनी दुरुस्तीची वही माझ्यापुढे उघडली. ग्रंथाच्या ओळीत "कोणाकडे" या रकान्यात त्यांचे नाव होते. ते त्यांनी एक रेघ मारून खोडले आणि लेखणी माझ्या हातात दिली.

"ज्यानं केलं त्याचं नाव घाला," त्या म्हणाल्या.

चार वर्षांत मी दोनशेच्या वर प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. त्या क्षणी आपले पूर्ण नाव लिहिताना मला आडनावाच्या जोडाक्षरापाशी थांबावे लागले, इतकी सवय मोडली होती.

आता मी घरीच बांधणीचे काम करतो. वाचनालयाची पुस्तके बाई माझ्याकडेच पाठवितात. प्रत्येक फर्म्याची शेवटची ओळ व पुढच्याची पहिली ओळ मी मोठ्याने वाचतो आणि सरूबाई चुलीपाशी बसून ऐकते. जेथे वाक्य जुळत नाही, तेथे बहुधा ती माझ्या आधी म्हणते, "हितं कायतरी चुकलंय." हे लेखनही काल तिला वाचून दाखविले. शेवटास आल्यावर तिने एकच विचारले, "खाली सवताचं नाव घातलंय न्हवं?" तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी ते येथे घालीत आहे. येथवर सोबत केलीत, त्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

महिपती दादू कोष्टी